दोन बोटं

कोटाचं अस्तर उसवता उसवता तिची कात्री थबकली. उजव्या खांद्यात कापसाची चांगली जाड गादी होती. तिने डावा खांदा चाचपला. तिथे काहीच नव्हतं.

“मास्तर, हा सरांचाच कोट ना? मग कापूस एकाच खांद्यात कसा?”

मास्तरांनी इस्त्री उभी केली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“अस्तर फाटलंय तेवढं शीव, पोरी. खांद्यात कशाला शिरतेस?”

ती अस्तर शिवू लागली. चाळीस वर्षं कपडेपट सांभाळलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती. टेबलाखाली तिची लेक ढब्बू बसली होती. गेल्या आठवड्यातच पाऊल टाकायला लागलेली, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या झग्याला धरून उभी राहायची आणि धपकन बसायची.

ढब्बूला कामावर आणता येत होतं ते सरांमुळे. सर म्हणजे नाटक कंपनीचे दिग्दर्शक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नाट्यगृहाच्या दारात पाटी लावली होती, ‘या रंगमंचावर सगळे समान.’ नुसती पाटी लावून थांबणारा माणूस नव्हता तो. कपडेपटात पाळणा आला. आणि निवडीच्या वेळी एक पाय दोन बोटं आखूड असलेली मुलगी आली, तेव्हा सरांनी तिचं बोलणं ऐकलं, पाय पाहिला नाही. कंपनीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. नाव तिनेच सांगितलं होतं. “एक पाय आखूड आहे ना, म्हणून गिरकी झकास बसते!”

नव्या नाटकात सहा बहिणी होत्या. पहिल्याच प्रवेशात त्या एका रांगेत, हातात दिवे घेऊन मंचावर येतात. सहा सारखे, घोळदार, करडे झगे. जमिनीपासून बरोबर एक बोट वर. सरांना ती खालची रेघ सुतासारखी सरळ हवी होती.

काल तालमीत भिंगरी दोनदा अडखळली. आखूड पायावर भार आला की कंबर डावीकडे कलायची, झग्याचा काठ खाली उतरायचा आणि तिच्याच टाचेखाली यायचा. दुसऱ्या वेळी दिवा हातातून सुटला आणि घरंगळत पार विंगेत गेला.

सर तिच्यावर ओरडले नव्हते. उलट शेजारी बसून म्हणाले होते, “उद्या रंगीत तालमीत पुन्हा असं झालं, तर तुला कडेला स्टुलावर बसवू. दिवा तिथूनच धर. तुला लागायला नको, बाळा.”

भिंगरी सगळ्यांदेखत हसली होती. मग कपडेपटात येऊन झग्यांच्या रांगेमागे बराच वेळ उभी राहिली होती.

तेव्हाच ढब्बूच्या आईने धीर करून सरांना गाठलं होतं. “सर, डावीकडून काठ दोन बोटं वर घेतला तर?”

“नको, वहिनी. सहा बहिणी, सहा झगे, एकच माप. तिला वेगळं काढायचं नाही, यासाठीच तर एवढा आटापिटा केला ना आपण?”

त्यांना ते मनापासून वाटत होतं. म्हणून तर पुढे बोलता येईना. मास्तर तिथेच होते, पण त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या.

आता सरांचा कोट शिवून झाला. दुपारी पाहुण्यांपुढे रंगीत तालीम, आणि त्याआधी सर हाच कोट घालून कंपनीची प्रतिज्ञा वाचणार होते. मास्तर कोट घेऊन वर गेले. दार लोटलं गेलं तशी तिने भिंगरीला हाक मारली.

“झगा घाल आणि चाल. माझ्याकडे बघू नकोस. नेहमीसारखी चाल.”

“मास्तर जीव घेतील तुमचा, वहिनी.”

“घेऊ देत. चाल तू.”

ती गुडघ्यांवर बसून रांगत भिंगरीच्या बरोबरीने सरकली, एकेक टाचणी लावत. मागून ढब्बूही रांगत आली. भिंगरीला हसू फुटलं.

“घ्या! माझ्या मागे आता वरातच निघाली.”

“हलू नकोस, टोचेल.”

झगा उतरवून तिने हातशिलाईनेच नवी दुमड घातली. एका जागी ढब्बूने दोरा ओढला आणि टाके वाकडेतिकडे पडले. उसवून पुन्हा घालायला वेळ नव्हता. झगा तारेच्या हँगरवर अडकवून ती मागे सरली. पाच काठ एका रेषेत, सहावा चक्क तिरका. आंधळ्यालाही दिसला असता. पण ढब्बू भुकेने रडायला लागली होती, आणि जिन्यावर मास्तरांची पावलं वाजत होती. ती लेकीला उचलून मागच्या खोलीत गेली.

परत आली तेव्हा सर झग्यांपुढे उभे होते. हातात लाकडी पट्टी. त्यांनी एकेका काठाला पट्टी लावली. पहिला, दुसरा... सहाव्यापाशी तिने तोंड फिरवलं.

“वा, मास्तर. हे असं पाहिजे,” म्हणून सर निघून गेले.

तिने वळून पाहिलं. सहाही काठ सरळ होते. एका रेघेत.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “उसवलात ना? मला रागवायचं होतं, मास्तर. तिचा काय दोष? आता पडली की बसवतील स्टुलावर, कायमची!”

मास्तर गळ्यातल्या टेपची गुंडाळी करत होते. “रडायच्या आधी बघावं माणसानं.”

तिने काठ उलटला. वाकडेतिकडे टाके तिथेच होते, ढब्बूने ओढलेल्या दोऱ्याचे. मग तिची नजर वर गेली. हँगरची डावी बाजू पक्कडीने खाली वाकवलेली होती. बरोबर दोन बोटं.

तिने वाकलेल्या तारेवरून बोट फिरवलं.

“सरळ कोण असतं, पोरी?” मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. “ह्या हातांनी सगळ्यांची मापं घेतली. एकाचाही डावा-उजवा सारखा भरला नाही. खांदा उतरलेला असतो, कंबर कललेली असते. आपण शिवतो म्हणून दिसत नाही. झाकली मूठ.”

तिला कापसाची गादी आठवली. ती काही बोलणार, तोच त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या.

दुपारी सरांनी प्रतिज्ञा छान वाचली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सर विंगेत येऊन मास्तरांशेजारी उभे राहिले. पलीकडे ती, कडेवर झोपलेली ढब्बू.

दिवे मंद झाले. एक, दोन, तीन, चार, पाच बहिणी आल्या. सहावी भिंगरी. तिचं पाऊल टेकलं, कंबर कलली, आणि काठ सरळच राहिला. ज्योत हलली नाही. मंचाच्या मध्यावर पोचल्यावर तिने तालमीत कधीच घेतली नव्हती अशी एक संथ गिरकी घेतली आणि पुन्हा रांगेत लागली. सहा काठ, एक रेघ.

सरांनी सुस्कारा सोडला.

“पाहिलंत, मास्तर? सगळ्यांना एकच माप ठेवलं की कसं जमतं!”

“हो, सर,” मास्तर म्हणाले. आणि जरा पुढे होऊन त्यांनी सरांच्या उजव्या खांद्यावरचा, नसलेला दोरा हलकेच काढला.