पुंजाजी बँडच्या सत्तावीस वह्या

बडनेरा सुटलं आणि मोरोपंतांची धून पुन्हा हरवली.

घरून निघाले तेव्हा होती. टांग्यात होती, अमरावतीहून बडनेऱ्याला येणाऱ्या शटलमध्येही होती. तोंड घट्ट मिटून, नाकानं हूं-हूं करत, काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न्यावं तसे ते तिला सांभाळून आणत होते. पण अकोल्याच्या गाडीत समोर बसलेल्या शेंदूरजन्याच्या व्यापाऱ्यानं संत्र्यांच्या करंडीवर बोटांनी ठेका धरला, वर शीळ घालायला लागला, आणि झालं! मूर्तिजापूर यायच्या आत व्यापाऱ्याची शीळ मोरोपंतांच्या नाकात शिरली आणि ताराबाईंची धून कुठे गेली ते देव जाणे.

"थांबा हो जरा!" मोरोपंत कळवळून म्हणाले. "माझी हरवली!"

व्यापारी बिचारा भला माणूस. लगेच वाकून बाकाखाली बघायला लागला. "काय हरवली जी? पिशवी?"

आता याला काय सांगणार, कप्पाळ! मोरोपंतांनी खिडकीबाहेर तोंड केलं. सलग तिसरा रविवार होता हा, आणि तिसऱ्यांदा ते धून हरवून अकोल्याला उतरणार होते.

मोरोपंत म्हणजे अमरावतीच्या कोर्टातले नक्कलनवीस. तीस वर्षं लोकांच्या भांडणांच्या नकला करण्यात गेली. अक्षर मोत्यासारखं, आणि मूळ कागदावर माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी काढणार, असा माणूस. पण गाणं? छे! आरतीला यांच्या हातात टाळसुद्धा कुणी देत नसे. दिला की सगळी आरती यांच्यामागे फरपटत जायची. देवानं डोळे दिले, हात दिला, कानांच्या वेळेला मात्र हात आखडला.

आणि नेमकं अशाच माणसाच्या वाट्याला हे यावं! मार्गशीर्षात त्यांच्या बायकोच्या, ताराबाईंच्या, अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मूलबाळ नव्हतं. मोरोपंतांनी रजा काढली, भात कालवून भरवायला शिकले, वेणी घालायलासुद्धा शिकले. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी ताराबाई गुणगुणायला लागल्या. शब्द नाहीत, नुसता सूर. मोरोपंतांना इतका आनंद झाला की ते शेजारच्या दुर्गाबाईंना बोलवायला अनवाणीच धावले.

पण ते गुणगुणणं एका जागी येऊन थांबायचं. रोज, त्याच जागी. थांबलं की ताराबाई नवऱ्याकडे बघत राहायच्या. मग डाव्या हातानं भिंतीवरचा लग्नातला फोटो दाखवायच्या. सन अडतीसचा फोटो. नवरा-नवरी पुढे, मागे लाल डगल्यातली माणसं, आणि एका ढोलावर अक्षरं: पुंजाजी बँड, अकोला.

"मोरोपंत, अहो, पुढचं मागून राहिल्या त्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "लग्नात वाजलेलं असेल काहीतरी. अर्धंच आठवत असेल. सांगा ना पुढचं."

मोरोपंत काय सांगणार? स्वतःच्या लग्नात बँड होता हेही त्यांना फोटो बघून कळलं होतं. पण ती नजर! चोवीस वर्षांत बाईनं कधी काही मागितलं नव्हतं. आता तोंड गेलं तेव्हा मागत होती, आणि काय मागते तेच यांना कळत नव्हतं. एवढं एक तिला द्यायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि अकोल्याची गाडी धरली.

पुंजाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. मोर्णा नदीच्या काठी त्याच्या बँडचा म्हातारा क्लॅरिनेटवाला देवमन राहायचा. त्याच्याकडे एक लोखंडी पेटी होती, आणि पेटीत सत्तावीस वह्या.

"पंत, आमचा पुंजाजी येडा माणूस व्हता," देवमननं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. "साऱ्या अकोल्यातले बँड शिनेमाचे गाने वाजवत. यानं जलमात एक नाही वाजवलं. म्हने, दुसऱ्याचं उष्टं लगनात कायले? दर लगनाले नवी धून. अन् एका घरची धून दुसऱ्या घरी वाजवाची नाही. उपाशी राहू, पन नाही!"

अशा तीनशे चाळीस धुना. त्यात वाजणारं सामान तरी धड असावं! क्लॅरिनेट, ढोल, पिपाण्या इथवर ठीक. पण पुंजाजी शाळेची घंटा वाजवी, पालथी घागर वाजवी, रेल्वेतल्या गार्डाची शिट्टी वाजवी. आणि धुनांना नावं काय, तर 'सासरा घोरते', 'फाटक उघडा हो', 'पांढरा बैल काया चिखल', 'नवरदेवाचा जोडा कोठी गेला'. कुणाचं लग्न, कुठल्या गावी, कुठल्या साली, एका अक्षरानं कुठं लिहिलेलं नाही. त्या दिवशी पुंजाजीच्या नजरेला जे पडलं तेच नाव. सुरांच्या बाजूला चित्रं काढलेली. मिरची काढली की जोरात, खाट काढली की दम घ्यायचा.

मोरोपंतांचं डोकं पार गरगरलं. पण कागद दिसले की हा माणूस मागे हटणारा नव्हे. दोन रविवार बसून त्यांनी सगळ्या वह्यांची यादी केली. नंबर, नाव, मिरच्या किती, खाटा किती. एक्केचाळीस धुनांच्या शेवटी एक चौकट काढलेली होती. तिचा अर्थ त्यांना लागेना, तेव्हा त्यांनी पट्टी घेऊन एक्केचाळीस चौकटी जशाच्या तशा उतरवल्या आणि शेरा मारला, 'चौकोन, हेतू कळत नाही.'

यादी उत्तम झाली. धून मात्र सापडेना. देवमन एकेक वाजवून दाखवी.

"हेच का जी?"

"असेल."

"असंन म्हंजे? पहिलीलेबी तुमी असंनच म्हनलं!"

"मग नसेल."

तिसऱ्या रविवारी मोरोपंत शिळेचं विष नाकात घेऊन पोचले. पण या खेपेला त्यांनी घरीच धून कागदावर उतरवून आणली होती. देवमननं कागद डोळ्यांजवळ नेला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'दोनदा वर. एकदा खाली. मग लांब. मग पुन्हा वर, परंतु पहिल्याइतके नव्हे. मग थांबते व माझ्याकडे पाहते.'

देवमन आधी हसला. मग शेवटची ओळ त्यानं पुन्हा वाचली आणि त्याचं हसू गेलं. क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळत तो म्हणाला, "पंत, एक इचारू? तुमी वैनीचा सूर इकडे आनता, तो रस्त्यात सांडते. मंग मलेच तिकडे कावून नाही नेत?"

मोरोपंत त्याच्याकडे बघतच राहिले. तीन रविवार! अकोल्याच्या तीन खेपा! त्यांनी कपाळावर हात मारला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

देवमन दुसऱ्याच दिवशी अमरावतीला आला. ताराबाई खिडकीजवळ तक्क्याला टेकून बसल्या होत्या. मोरोपंत म्हणाले, "हे बघ, पुंजाजीच्या बँडमधले देवमन आले आहेत." ताराबाईंनी म्हाताऱ्याला निरखून बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि गुणगुणायला लागल्या. दोनदा वर, एकदा खाली. आणि त्या जागी थांबल्या.

देवमनच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. "याले मले वही नाही लागत," तो म्हणाला. "नांदगावचं लगन. मास्तरची पोरगी. हे बिदाईचं हाय, पंत. आपन वरातीतलं धुंडून राह्यलो व्हतो!"

"सापडलं!" मोरोपंत उभेच राहिले. "मग पुढचं वाजवा ना! ती इथं अडते."

"ती नाही अडत जी. धूनच इथं थांबते. तो चौकोन हाय ना तुमच्या यादीतला? तो उंबरठा व्हय. बिदाईले पुंजाजी अर्धीच वाजवे. म्हने, पुरी वाजवली तं पोरगी परत कायले येईन? उरलेली अर्धी पयल्या दिवाईले, पोरगी माहेरी आली का दारात वाजवाची. हे पोरीले सांगून ठेवे तो." देवमननं डोकं खाजवलं. "पन नांदगावले गोष्टच वेगळी झाली. आमी गेलो व्हतो त्या दिवाईले. दोन दिस मास्तरच्या वट्यावर बसलो. मास्तर तापानं फनफनलेला, तरी दर घडीले उठून रस्ता पाहे. पोरगी आलीच नाही. कावून नाही आली, आमाले कधी समजलं नाही."

ताराबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तीच रोजची नजर. मोरोपंत इतके दिवस त्या नजरेत प्रश्न शोधत होते, आणि उत्तर त्यांच्याजवळच होतं.

"मी जाऊ दिलं नाही," ते म्हणाले.

"कावून जी?"

"दिवाळसणाचं बोलावणं कार्डावर आलं होतं. मुराळी आला नाही, माणूस आला नाही, नुसतं कार्ड. मी म्हटलं, कार्डावर बोलवायला मी काय साक्षीदार आहे?"

"पन तिले भाऊ कुठी व्हता मुराळी धाडाले? एकलीच पोर."

"ठाऊक होतं." मोरोपंतांनी कार्ड तोंडपाठ म्हटलं. "कार्डात लिहिलं होतं सगळं. 'तापाने निजून आहे, मुराळी पाठविण्यास घरात कोणी नाही, सबब कार्डावर बोलावीत आहे, राग नसावा.' मी उलट टपाली उत्तर लिहिलं. आपल्या घराची पायरी या जन्मी चढणार नाही, आणि माझी पत्नीही चढणार नाही. त्याची नक्कल अजून माझ्या पेटीत आहे."

पुढच्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. निरोप आला तो चौथ्या दिवशी. ताराबाईंनी अंघोळ केली आणि सुतक सासरीच पाळलं. घर विकलं गेलं. नांदगाव खंडेश्वर अमरावतीहून अवघं वीस-बावीस मैल, पण त्या चोवीस वर्षांत एकदाही गेल्या नाहीत. रडल्या असतील तर मोरोपंतांना दिसलं नाही. दिसलं नाही की त्यांनी बघितलं नाही, हेही आता त्यांना कळेना.

"वाजवा," ते हात जोडून म्हणाले. "देवमन, तुमच्या पाया पडतो. आत्ता वाजवा."

"इथं? सासरी?" देवमननं मान हलवली. "नाही पंत. पुंजाजीनं माया हातावर हात मारून वचन घेतलं हाय. माहेरच्या दारातच."

आठ दिवसांनी एक भाड्याची मोटार नांदगावला मास्तरांच्या जुन्या घरासमोर उभी राहिली. मागच्या जीपमधून चार म्हातारे उतरले. लाल डगले विटून विटेच्या रंगाचे झालेले, एकाच्या हातात घागर, एकाच्या गळ्यात शिट्टी. घर आता महादेवराव म्हणून एका शेतकऱ्याचं होतं. मोरोपंतांनी त्याला आधी माणूस पाठवून विचारलं होतं. कार्ड नव्हतं टाकलं.

महादेवराव आणि त्याची बायको गोदाबाई दारात येऊन उभे राहिले. मोरोपंतांनी ताराबाईंना आपल्या खांद्याचा आधार देऊन दारासमोर आणलं. देवमननं फुंक घातली.

उरलेली अर्धी धून सुरू झाली. फार सुंदर होती म्हणावं तर मोरोपंतांना त्यातलं काय कळणार? घागर घुमली, मध्येच शिट्टी वाजली, एका म्हाताऱ्याचा सूर फाटला. मोरोपंत बायकोच्या तोंडाकडे बघत होते. आता ओळखेल, आता हसेल, आता सोबत म्हणायला लागेल. ताराबाई नुसत्या ऐकत होत्या, नवख्या गावात वाट विचारावी तशा. आणि मग मोरोपंतांच्या लक्षात आलं की तिनं ही कधी ऐकलीच नव्हती. ओळखणार कुठून? ओळखायला जे हवं होतं तेच त्यांनी चोवीस वर्षांपूर्वी परत पाठवलं होतं. भर रस्त्यात, चार माणसांत, त्यांना हुंदका फुटला.

धून संपली. ताराबाईंनी डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"थांब वं माय!" गोदाबाई एकदम म्हणाली. "माहेरी आलेल्या लेकीले अशीच कशी आत घेऊ?" ती आत पळाली आणि भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ज्या बाईचं नावही तिला माहीत नव्हतं तिच्यावरून तिनं तुकडा ओवाळला, दूर टाकला, पायांवर पाणी घातलं. "ये आता. अन् जावाई, तुमी कावून भाइर? चपला काढा ना."

गोदाबाईनं ताराबाईंना धरलं, मोरोपंतांनी चपला काढल्या. पायरी चढले. ताराबाईंनी डावा पाय उचलून आत टाकला. उजवा उंबरठ्याबाहेरच राहिला, तो उचलणं त्यांच्या हाती नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

मोरोपंत खाली वाकले. सगळ्यांच्या देखत बायकोचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं, अलगद उचललं, आणि उंबरठ्याच्या आत ठेवलं.