फ्रीजचं गाऱ्हाणं

दाजींनी क्रेट उंबऱ्याच्या आत टेकवला तेव्हा सुदेश जुन्या फ्रीजमधून बाटल्या काढून जमिनीवर ठेवत होता. त्या दाजींच्या बायकोच्या, यशोदाच्याच बाटल्या होत्या. कोकम सरबताच्या, तोंडाला पांढरं फडकं आणि त्यावर सुतळीची गाठ. ती गाठ यशोदा उलटी मारायची, त्यामुळे दाजींना दुरूनही ओळखू आली.

"खराब झाला काय रे?"

"नाय, नाय दाजीनू. सरबत चांगला आसा." सुदेश वाकलेलाच राहिला. "जुनो फ्रीज भायर काडूचो आसा. नवो इलो."

नवा दारातून आत येताच, उंबऱ्याला लागूनच उभा होता. निळा, माणसापेक्षा उंच, समोर काचेचं दार. निळ्याच शर्टातला एक तरुण त्याच्या काचेवरचा कागद नखाने सोलत होता. आत बाटल्या आधीच लावलेल्या होत्या, एका उंचीच्या, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या. खालच्या कप्प्यातल्या लाल होत्या. त्यांच्यावर लिहिलं होतं, 'अस्सल मालवणी कोकम'.

कोपऱ्यात चहा पीत बसलेला रिक्षावाला बाळा म्हणाला, "दाजीनू, त्या बाटलेवरचो टोमॅटो बघितलात?"

दाजींनी चष्मा पुसून पाहिलं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, काढायचा होता बहुतेक, पण चित्र काढणाऱ्याने तो कधी झाडावर पाहिला नसावा. वर हिरवी चांदणीसुद्धा होती, टोमॅटोला असते तशी.

"कितक्याक घेतलंस ह्यो फ्रीज?" दाजींनी सुदेशला विचारलं.

"फुकट देतत."

"फुकट?"

सुदेश पुढची बाटली काढायला वळला. उत्तर निळ्या शर्टातल्या तरुणाने दिलं. त्याच्या खिशावर नाव होतं, चंदन. "आजोबा, फ्रीज कंपनीचा, वीज यांची. अट एकच आहे." त्याने काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

दाजींनी ती सावकाश वाचली. 'या फ्रीजमध्ये फक्त कंपनीची पेये ठेवावीत.' मग पुन्हा एकदा वाचली, एखाद्या मुलाने धड्यातलं वाक्य चुकीचं वाचलं असेल आणि परत वाचून घ्यावं, तशी. वाक्यात चूक नव्हती.

"रोज सकाळी यांनी दार उघडून एक फोटो पाठवायचा," चंदन म्हणाला. "दुसरं काही दिसलं तर फ्रीज परत जातो. माझ्या हातात काही नसतं."

"मगे आमचा खंय ठेवतलस?" दाजी सुदेशकडेच पाहत होते.

"भायर मेजार ठेयन. सावलेक."

"मे म्हयन्यात?"

सुदेशने मान खाली घातली. यशोदाचं सरबत पाणी घालून, जिरं-मीठ लावून तयार केलेलं असे. उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबतं, हे त्यालाही ठाऊक होतं. "दाजीनू, जुनो तीनदा बंद पडलो. गिऱ्हाईक येता, बाटली हातात घेता आणि परत ठेयता. म्हणता, थंड नाय? माशे ठेवक जागा नाय, दूध नासता. मी तरी काय करू? नवो घेवची माझी ताकद नाय."

हे सगळं खरं होतं. म्हणून तर दाजींना राग आला आणि तो कुठे टेकवावा ते कळेना. मार्चमध्ये वळणावरच्या टपरीवाल्याने निळा फ्रीज घेतला होता. मग समुद्राकडच्या दोन हॉटेलांनी. मग बंदराजवळच्या दुकानाने. यशोदाचं सरबत नको असं एकानेही तोंडाने म्हटलं नव्हतं. सगळे म्हणाले, बघूया. टपरीवाल्याने तर बाटल्या परत देताना नमस्कारही केला होता. आता तारकर्लीच्या रस्त्याला सुदेशची खानावळ तेवढी उरली होती.

खिशात फोन वाजला. यशोदा होती.

"इचारलात?"

"इचारतंय."

"कधी? आनंदी आणि सत्यवती कामाक येवन बसल्यो हत. तीन टोपल्यो रातांबे आसत. फोडलंय की साखरेत घालूकच होये, नायतर उद्यापर्यंत पाणी सुटात. पावसापर्यंत किती बाटल्यो होयो ता सुदेशाक इचारून घेवा. आणि तो नको म्हणालो तर..." ती थांबली. "नको म्हणालो तर ह्येंका घराक धाडतंय. रातांबे सुकवन सोला करूया. मगे फुडल्या वर्सापासून सरबताचो नाद सोडूया, काय?"

"थांब गो जरा. अजून इचारूक नाय."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि पाहिलं तर समोर सुदेशची बायको प्राजक्ता उभी होती. पदराने हात पुसून तिने दोन्ही हातांत नारळ धरला होता, शेंडी पुढे करून.

"बरा झाला तुमीच इलात, दाजीनू. सकाळपासून ह्येंका सांगतंय, दाजींका बोलवा, दाजींका बोलवा. नवी वस्तू दारात इली, गाऱ्हाणा घातल्याशिवाय वायर लावक देवचंय नाय मी."

दाजी त्या नारळाकडे बघत राहिले.

गावात घर बांधा, होडी पाण्यात लोटा, मुलगा मुंबईला नोकरीला पाठवा, आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. गेली चाळीस वर्षं ते मागणं दाजी मागत होते. त्याआधी त्यांचे वडील मागत. वडिलांनी शिकवताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. नारळ घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, कारण नारळ देवाकडे चाललेला असतो, आपण वाटेतला पोस्टमन. आणि मधलं एकही वाक्य गाळायचं नाही. गाळलं तर देवाच्या हातात अर्धं पत्र पडतं.

"माका आज जरा..." दाजी म्हणाले.

प्राजक्ताने नारळ आणखी पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. भिंतीला टेकून ठेवलेल्या बाटल्यांकडे तिची पाठ होती.

दाजींनी चपला काढल्या.

"आजोबा, दोन मिनिटांत होईल ना?" चंदनने मोबाइल काढला. "मला व्हिडिओ वर पाठवायचा असतो."

"वर म्हणजे?"

"मुंबईच्या ऑफिसला."

"दाजी पण वरच धाडतत," बाळा म्हणाला. "बघूया कोणाचो आधी पोचता."

प्राजक्ता हसली. सुदेश हसला नाही. त्याने फ्रीजसमोर पाट मांडला, त्यावर तांदळाची मूठ, त्यावर नारळ. सगळे मागे उभे राहिले. दाजींनी हात जोडले, डोळे मिटले. आवाज आपोआप उतरला आणि भरदार झाला. बोलताना ते थोडे बोबडे वाटत, पण गाऱ्हाण्यात कधी नाही.

"बा देवा रामेश्वरा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान, सुदेशान, आपल्या दारात नवी वस्तू हाडल्यान, तिचो नारळ तुझ्या पायाकडे ठेवल्यान, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्येच्या हाताक यश दी. त्येच्या चुलीक बरकत दी. त्येच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हे मागताना दाजींच्या मनात काही आडपडदा नव्हता. सुदेशला त्यांनी शाळेच्या चड्डीत पाहिलं होतं. त्याचं बरं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

"त्येच्या दारात तहानेन इल्लो माणूस तसोच परत जाव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली असात, कोणाचा मन दुखावला असात, तर पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सुदेश म्हणाला. इतरांच्या मागून, एकटाच.

आता शेवटचं वाक्य राहिलं होतं. दाजींच्या जिभेवर ते आलंही होतं, कारण चाळीस वर्षं ते याच जागी येत होतं. होडीच्या वेळी त्यात खडक असायचा, वादळ असायचं. नोकरीच्या वेळी कुणा साहेबाची वाकडी नजर. आज त्यात कोण होतं ते त्यांना मिटल्या डोळ्यांनी स्वच्छ दिसलं. पांढरं फडकं, उलटी गाठ. आणि विळी पुढ्यात घेऊन, फोनकडे बघत बसलेल्या तीन बायका.

ते थांबले.

बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत गेली. बाळाने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. वय झालं माणसाचं, विसरले, असं प्राजक्ताला वाटलं असावं. ती मागून हळूच, लहान मुलाला कवितेची ओळ सुचवावी तशी पुटपुटली, "आडवो... जो कोण आडवो येयत..."

दाजींनी एक श्वास घेतला.

"ह्या लेकराच्या धंद्यात जो कोण आडवो येयत... त्येका तुझ्या हातान बाजूक कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज चंदनचा होता. दाजींनी डोळे उघडून मागे पाहिलं. तो एका हातात मोबाइल धरून होता, दुसरा हात कपाळाला लावलेला. आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो ओशाळला.

"खंयचो रे तू?"

"इन्सुलीचो," तो म्हणाला. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "घराकडे बाबांचो गोळीसोड्याचो कारखानो होतो. आमच्याकडे पण गाऱ्हाणा घालीत, दर पाडव्याक."

"आता?"

"आता बाबा घराकडेच असतत." त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि पुन्हा सरळ उभा राहिला. "चला, प्लग लावूया. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

सुदेशने नारळ फोडला. एक वाटी रिवाजाप्रमाणे दाजींच्या हातात आली. प्लग लागला, फ्रीज घुमला, आतला पांढरा दिवा लागला आणि बाटल्या अशा उजळल्या की बाळासुद्धा उठून जवळ आला.

"दार उघडून दाखवा," चंदन म्हणाला. "पहिला फोटो मीच पाठवतो."

सुदेशने मूठ धरून दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि टक्कन कशाला तरी आपटून थांबलं. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा टक्कन.

सगळ्यांनी खाली पाहिलं. दाजींनी आल्या आल्या उंबऱ्याच्या आत टेकवलेला क्रेट बरोबर दाराच्या वाटेत होता. आतल्या बाटल्या धक्क्याने अजून किणकिणत होत्या.

"कोणाचा आहे हा? जरा..." चंदन म्हणाला आणि गाठींकडे बघून त्याने मोबाइल खाली केला. प्राजक्ताने तोंडावर पदर धरला.

सुदेश वाकला. त्याचे हात क्रेटच्या दोन्ही कडांपाशी गेले, पण टेकले नाहीत. तसाच वाकून त्याने वर पाहिलं.

"दाजीनू..." तो म्हणाला. "बाजूक करू?"

दाजींच्या खिशात फोन वाजू लागला.

चाळीस वर्षं गाऱ्हाणं घातलं, पण ते दोन शब्द त्यांनी स्वतः कधी उच्चारले नव्हते. मागणाऱ्याने ते म्हणायचे नसतात. ते मागे उभ्या असलेल्यांचे.

त्यांनी खोबऱ्याची वाटी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"होय म्हाराजा," दाजी म्हणाले.