शून्य नोंदींचा सभासद

बिश्केकच्या विद्यापीठात नुरजातने मधपाळांचं जाळं उभं केलं त्याला चार वर्षं झाली होती. डोंगरातले सहाशे मधपाळ संगणकावरच्या, फोनवरच्या त्या जाळ्यावर लिहीत. प्रत्येक मजकुरावर अर्थाची खूण असे: हा प्रश्न, हे उत्तर, हे राणीमाशीबद्दल, ते बुरशीबद्दल. त्या खुणांवरून कोण कुणाच्या किती उपयोगी पडतो याचं माप निघे. माप नुरजातचंच. दोन वर्षं ज्याच्या नावावर काही नाही तो निष्क्रिय, त्याचं नाव गळायचं.

यंदाच्या यादीत सतरावं, शेवटचं नाव साबिरकुल होतं. तिचे वडील. त्यांच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस नुकताच झाला होता. खातं बंद करण्याच्या कारणांत 'निधन' हाही पर्याय होता, पण तिथे तिचा हात जात नव्हता.

"हे नाव बाजूला ठेवू?" शेजारच्या टेबलावरून एर्मेकने विचारलं.

"का? बाकीचे सोळा कुणाचे बाप नाहीत?"

अतांना, वडिलांना, जाळ्यावर तिनेच आणलं होतं. शेवटच्या भेटीत चहा ओतताना ती म्हणाली होती, "अता, दोन वर्षांत एक अक्षर नाही. बसलात कशाला तिथे?"

"वाचतो की गं," एवढंच ते म्हणाले होते.

यादीवर सही करण्याआधी ती सदोष नोंदी वगळायला बसली. एकही उत्तर नसताना विचारणाऱ्याने 'सुटला' अशी खूण केलेले प्रश्न. लोक चुकून बटण दाबतात, असं तिने धरलं होतं. या वेळी तिने तारखा पाहिल्या. असे दोनशे अकरा प्रश्न होते. गेल्या चाळीस दिवसांतला एकही नव्हता.

तिने त्यातल्या एकाला, नारीन भागातल्या म्हाताऱ्या काल्मतला फोन लावला.

"तुमचा बुरशीचा प्रश्न कुणी सोडवला?"

"साबिरकुलनं. दुसऱ्याच दिवशी फोन आला त्याचा. तू कोण?"

"त्यांची मुलगी."

काल्मतने हळूच दुआ म्हटली.

"जाळ्यावर का नाही लिहिलं त्यांनी?"

"अगं पोरी, मी वयानं मोठा. पेट्या मीच ओलीत ठेवलेल्या. सहाशे जणांसमोर माझी चूक दाखवेल का तो? फोनवर आधी दहा मिनिटं नातवंडांची चौकशी. मग थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, आके, पेट्या जरा उचलून ठेवून बघा. मी काय गाढवपणा केला ते फोन ठेवल्यावर कळलं मला!"

नुरजात हसली. बऱ्याच दिवसांनी.

"मग आता ही दोनशे अकरा उत्तरं त्यांच्या नावावर टाकतेस?" तिने सगळं सांगितल्यावर एर्मेक म्हणाला.

"त्यांनी टाकली नाहीत, मी कशी टाकू? 'उत्तर बाहेर मिळालं' अशी नवी खूण करू. कुणाकडून, ते विचारणारेच सांगतील. बाकीच्या सोळांचंही तोवर थांबव."

"आणि सतरावं?"

तिने ते नाव निष्क्रियांतून काढलं. खातं उघडून कारणापुढे 'निधन' निवडलं. संगणकाने तारीख विचारली, ती तिने लिहिली.

एर्मेकने तिच्यापुढे चहा ठेवला. वाटी रीतीप्रमाणे अर्धीच भरली होती, पुन्हा ओतता यावा, माणूस अजून बसावा म्हणून.