खारातलं शिसं

घरातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन: सासूला तुमच्या लोणच्यात विष आहे हे सांगणं. वर ती सासू अमळनेरची धुरपदाबाई असेल तर बघायलाच नको. तिच्या कैरीच्या खारासाठी गल्लीतल्या बायका वाटी घेऊन येतात. 'जरा गोडसर लागतो, हात आहे अक्काचा,' म्हणतात. हात कसला, शिशाचा गोडवा आहे तो.

मी धुळ्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवते. रोज एसटीने जाते-येते. माझी नणंद सरिता बाळंतपणाला माहेरी आली, सातवा महिना. आल्या दिवसापासून तिला भाकरीबरोबर फक्त तो खार लागायचा. नुसता वाटीतून प्यायची. पोटात कळा येतात म्हणायची, तोंडाला चव नाही म्हणायची आणि पुन्हा खारच मागायची.

एका रविवारी अक्काने फोडी काढायला सांगितल्या म्हणून मी बरणीत हात घातला. फोडी वर तरंगून बुरशी धरू नये म्हणून आत वजन ठेवलेलं असतं. कुणी दगड ठेवतं. अक्काकडे होता मुठीएवढा गोळा, सासऱ्यांनी कधीतरी धुळ्याच्या भंगारातून आणलेला. ते गेल्यावर अक्काने तो जिवापाड जपलेला. गोळा वर काढला तर त्याच्यावर पांढरीशुभ्र, चकचकीत सुयांची साय. नखाने ओरखडलं तर सहज निघाली. खालचा गोळा करडा, मऊ आणि असला जड की मनगट वाकलं.

मी गोळा ताटलीत ठेवला आणि आधी हात धुतले.

"अक्का, हे शिसं आहे."

"शिसंच शे ना," अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "लोखंड गंजस, खार काळा पडस. हाई गंजस नई."

"आणि हे पांढरं?"

"मीठ शे ते."

मीठ नव्हतं ते. शिसं आणि मीठ आंबट पाण्यात वर्षभर एकत्र राहिलं की शिशाचं क्लोराईड तयार होतं. निसर्गात ते खनिज म्हणून सापडतं, कोटुनाइट नाव त्याचं. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडाशी, जिथून गरम वाफा बाहेर पडतात, तिथल्या खडकावर त्याच्या अशाच सुया धरतात. आपल्या खानदेशात काळा पाषाण, विहीर खणली की झिओलाइट नावाच्या स्फटिकांचे खडे निघतात. कोटुनाइट मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर्गात मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: मऊ, जड, पांढरं, विषारी. आणि ते माझ्या घरी, नणंदेच्या वाटीत.

मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, मग वाद घालून सांगितलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं, म्हटलं. अक्का विळीवर भेंडी चिरत राहिली.

"धुयाले पोरेस्ले दगड शिकाड. मन्हा घरमा नको."

नवऱ्याला, स्वप्नीलला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला कशाला दुखवतेस? आम्ही लहानपणापासून तेच खातोय." याच्या बुद्धीचं काय करावं ते मला कळेना. बरणी फोडून टाकावी असं हजारदा मनात आलं. पण कैऱ्यांचे दिवस होते, अक्काने संध्याकाळपर्यंत नवी बरणी भरली असती आणि वर गोळा तोच. गोळाच लपवला असता तर सासऱ्यांची आठवण चोरली म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

शेवटी सरितालाच गाठायचं ठरवलं. तिच्या खोलीच्या दाराशी गेले तर ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती. "वहिनीला माझं पोट बघवत नाही हो. तिचं राहिलं नाही ना."

मी तशीच मागे फिरले. दोन वर्षांपूर्वी मला पाचवा महिना होता तेव्हा माझं बाळ गेलं होतं. एसटीचे धक्के खात धुळ्याला जायची म्हणून गेलं, असं अक्का सगळ्या गल्लीला सांगते. मी ऐकून घेते. त्या दिवशी मात्र डोकंच फिरलं.

स्वयंपाकघरात आले. गोळ्यावरची ती पांढरी साय खरवडली, गार पाण्यात खळखळून धुतली, जुन्या काचेच्या ग्लासात घातली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. अक्का आणि सरिता दोघींना बोलावून बसवलं. बाजूला दुसऱ्या ग्लासात उकळत्या पाण्यातच चमचाभर मीठ विरघळवलं.

"आता दोन्ही गार होऊ द्या. मीठ असेल तर दोन्हीकडे सारखंच दिसेल. बघाच."

मिठाचं पाणी गार झालं, तसंच राहिलं. दुसऱ्या ग्लासात हळूहळू सुया धरायला लागल्या. बारीक, लखलखणाऱ्या, पाण्यात तिरप्या उतरत जाणाऱ्या. गार पाण्यात हे खनिज फार कमी विरघळतं, गरम पाण्यात जास्त. म्हणून गार होताना परत बाहेर येतं. सरिताने हातातली खाराची वाटी हळूच बाजूला सारली. अक्का ग्लासाकडे बघत होती. मला वाटलं, जमलं एकदाचं.

"जादू शे तुन्ही," अक्का म्हणाली.

मी अक्षरशः हात टेकले. आणखी काय दाखवायचं या बाईला? व्हेसुव्हियस आणून ठेवू का चुलीवर? रडू यायला लागलं. उठून जायला निघाले, तेवढ्यात अक्काचा आवाज आला. बदललेला, खालचा.

"सुलक्षणा. तूनं बी हाऊच खार खादा ना?"

मी दारात थांबले.

खाल्ला होता. आंबट खावंसं वाटायचं आणि अक्का कौतुकाने रोज वाटी भरून द्यायची. कॉलेजच्या डब्यातसुद्धा.

"खाल्ला," मी म्हटलं.

"मग तुन्हं... त्यामुळेच गयं का? खरं सांग."

दोन वर्षं एसटीचा ठपका माझ्या माथी मारला होता या बाईने. आता एक 'हो' म्हटलं असतं की फिटलं असतं सगळं. मला 'हो' म्हणायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं.

"माहीत नाही, अक्का," मी म्हटलं. "असू शकतं. तेव्हा कुणी रक्त तपासलं नाही. आता कधीच कळणार नाही."

अक्का उठली. बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या दाराकडे चालायला लागली. "विहिरीजवळ नको," मी मागून म्हटलं, "जमिनीतही नको, शिसं पाण्यात उतरेल." ती थांबली, बरणी छातीशी धरून. कुठे टाकायची हे तिला कळेना आणि मलाही लगेच सुचेना. मग तिने ती घट्ट झाकण लावून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी सरिताला रक्त तपासायला धुळ्याला घेऊन गेले. एसटीनेच. अक्का स्टँडपर्यंत सोडायला आली, दोघींच्या हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि मला खिडकीशी बसवलं. धक्क्यांबद्दल एक शब्द बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं.