कान तुटलेले सहा कप

१९८६च्या मे महिन्यात वैशाखी पौर्णिमा शुक्रवारी आली आणि शुक्रवारी आमच्याकडची वीज जायची. त्या आठवड्यात माझं कशातच चित्त लागेना.

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं मिठागर होतं. पौर्णिमेच्या भरदुपारच्या भरतीला उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वेळेवर पाडली नाही, तर खाडी आत शिरून पिकलेलं मीठ विरघळून जाई. फळी सांभाळायचे माझे सासरे, भिवाजी. आदल्याच महिन्यात ते उन्हात तिथे चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी ऊन बंद केलं, तर सासऱ्यांनी डॉक्टरच बंद केला.

लग्नाआधी मी रेडिओ दुरुस्तीचा वर्ग केला होता. भरतीचं पाणी उघाडीवरच्या दोन तारांना टेकलं की घरात बझर वाजेल, असं सर्किट मी जोडलं. अडलं ते विजेपाशी. अ‍ॅडॅप्टर शुक्रवारी निरुपयोगी. टॉर्चचे सेल घातले, तर खारट दमट हवेमुळे तारांतून वीज झिरपत राहिली आणि चार दिवसांत ते संपले.

"नवे घालते, बाबा."

"आनि ते कवा मरतील कोन सांगल? मी आपला उघारीवर बसतंय."

बुधवारी मला वर्गातलं आठवलं. तांबं आणि जस्त मिठाच्या पाण्यात ठेवलं की वीज होते. जुन्या सेलची जस्ताची टरफलं कापून मी सहा पट्ट्या केल्या, तांब्याच्या तारांशी जोड्या लावल्या आणि सगळ्या एका टबात बुडवल्या. व्होल्ट मोजायच्या मीटरचा काटा जेमतेम हलला. आणखी मीठ घातलं. तेवढाच. मी ओटीवरून चुलीपाशी, चुलीपासून ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले.

"लोनचा घालतेस का काय गो?" सासूबाई, दगडाबाई, म्हणाल्या.

सासरे टबात वाकले. "सगला पानी येकाच वाफ्यात? अशान मीठ पिकल का? बांध घाल, बाय."

एकाच टबात वीज आतल्या आत जिरत होती; मी तशीच उठले. मांडणीवरून कान तुटलेले सहा कप काढले. दर कपात मिठाचं पाणी, एक पट्टी, एक तार. एकीचं तांबं पुढच्या कपातल्या जस्ताला. काटा चढत गेला. ओल्या फडक्यावर तारा टेकवताच बझर असा किंचाळला की कोंबड्या परसात पळाल्या.

"ह्या पान्यावर माझा भरोसा हाय," सासरे म्हणाले. "आटला तर दिसतंय तरी."

शुक्रवारी वीज गेली. सासरे ओटीवर बसले, उठले, परत बसले.

"पानी चरला असल."

"वाजेल, बाबा."

"वाजला नाय तर?"

मीही खाडीकडेच बघत होते. बाराच्या सुमाराला बझर वाजला. मी चप्पल शोधेपर्यंत ते बांधावर पोचले होते. फळी पडली. पाच मिनिटांत ते डोक्यावरचा पंचा झटकत परत सावलीत आले.

पुढच्या उधाणांना ते ओटीवरच बसत, पण स्वस्थ कधी नाही. कपांवरून कोंबड्या हाकत, दर घटकेला आत डोकावत, आणि मला हाक मारत, "आटतंय गो, घाल जरा!"