उस्ताद येहियांची सतार

हेलिल मोटारीतून उतरला आणि झोरदुनने नाक मुरडलं. पोट सुटलेलं, केस रंगवलेले, डोक्यावर जरीची टोपी. जर्दाळूच्या बागेत जरी घालून येणारा माणूस यार्कंदने आजवर पाहिला नसेल.

"कलावंत म्हणे," झोरदुन शेजारच्या डफवाल्याला म्हणाला. "दीड तास चालणारी मुकामाची गाणी आठ मिनिटांत गुंडाळतो आणि हॉटेलातली माणसं जेवता जेवता टाळ्या पिटतात. नान भाजायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो."

हेलिल आणि झोरदुन, उस्ताद येहियांचे एवढे दोनच शागीर्द. ऐन पंचविशीत हेलिलने शहरातलं सरकारी संगीत मंडळ गाठलं आणि कागदावर लिहिलेले सूर वाजवू लागला. झोरदुन गावातच राहिला. तीस वर्षं त्याने लग्नं वाजवली आणि तीस वर्षं हेलिलला नावं ठेवली. यातलं दुसरं काम त्याने जास्त मन लावून केलं.

उस्तादांना जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांच्या बायकोने, सेलिमेखान आपांनी, दुपारी बागेत गावाची मेशरेप, गाण्यानाचण्याची बैठक, भरवली होती. उस्तादांची गजाने वाजवायची लांब मानेची सतार आपांच्या मांडीवर होती.

"मुकामाचं पहिलं गाणं जो म्हणेल, त्याला ही," त्या म्हणाल्या.

पहिलं गाणं एकट्याने म्हणायचं, संथ, ठेक्याशिवाय. ते चालू असताना कुणी चहाचा पेलाही उचलत नाही. डफ आणि नाच फार नंतर येतात.

झोरदुनला ती सतार हवीच होती. निदान गेल्यावर तरी उस्तादांनी आपल्याला हेलिलच्या वर बसवावं, एवढ्यासाठी.

आधी हेलिल बसला. आवाज अजून गोड होता, हे झोरदुनला मुळीच आवडलं नाही. चार ओळी झाल्या आणि हेलिलने गज खाली घेतला.

"माफ करा, आपा. आमच्या कागदावर एवढंच असतं. पुढचं मी विसरलो."

झोरदुन मोठ्याने हसला. इतर कुणी हसलं नाही, याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

मग तो बसला. डोळे मिटले, हनुवटी वर केली, अगदी उस्तादांसारखी. चार ओळी दणक्यात झाल्या. पाचवीला त्याचा हात आपोआप लग्नातल्या नाचाच्या चालीकडे पळाला. डफवाल्याने सवयीने ठेका धरला, दोन पोरी उठून गिरक्या घेऊ लागल्या आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लग्नात कोण थांबतं पहिल्या गाण्याला? झोरदुन रंगात येऊन वाजवत राहिला. डोळे उघडले तेव्हा म्हातारी माणसं माना खाली घालून बसली होती.

आपांनी सतार त्याच्या हातातून काढून हेलिलला दिली.

"त्याला तरी कुठे आलं?" झोरदुन म्हणाला.

"नाही आलं. नाही आलं तिथे तो थांबला. तू माझ्या नवऱ्याच्या नावाने वरात काढलीस."

हेलिलने खिशातून वही काढली. त्याच्या चेहऱ्यावर कुत्सितपणाचा लवलेशही नव्हता, आणि तेच झोरदुनला सहन होईना.

"झोरदुन, पाचवी ओळ सांग ना रे. तू इथेच होतास त्यांच्याजवळ. मी लिहून घेतो."

झोरदुनने तोंड उघडलं. उस्तादांचा चेहरा आठवला, त्यांचा खोकला आठवला. ओळ आठवेना. शेवटची कधी म्हटली होती, तेही आठवेना.

"नाही येत मला," तो म्हणाला. तीस वर्षं हेलिलसाठी राखून ठेवलेली सगळी किळस त्याला स्वतःचीच आली.

हेलिल पेन धरून तसाच बसून राहिला. विचारायला आता तिसरं कुणी नव्हतं.