मगरिबच्या वेळची बोली

आमचं कपडे धुण्याचं मशीन रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात बसलं. बसलं म्हणजे आतलं पिंप फिरायचंच थांबलं. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, आत डोकावला, आणि मयतीला आल्यासारखा म्हणाला, "अल्ला याच्या बदल्यात तुम्हाला चांगलं देवो." येण्याचे पैसेही घेतले नाहीत. त्यावरूनच मी काय ते समजले.

अम्मानमध्ये आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदाच पाणी सुटतं. त्या दिवशी टाक्या भरायच्या, लाद्या पुसायच्या, कपडे धुवायचे, सगळं एकाच दमात. मशीन गेल्यापासून मी जूद आणि सिदराचे कपडे टबात कोंबून वरच्या मजल्यावर सासूबाईंकडे नेऊ लागले. जूद चार वर्षांची, सिदरा अजून अंगावर पिते. तिला झोळीत बांधायचं, टब कमरेवर, आणि एक डोळा मागे, कारण जूद जिन्याच्या कठड्याला लोंबकळते. त्या कठड्याचा एक गज हलतो. तो हलतो हे घरात फक्त मलाच दिसतं.

सासूबाई मशीनच्या गोल काचेसमोर खुर्ची टाकून बसायच्या. "रुबा, हे लंगोट आधी हाताने चोळले नाहीस ना?"

"चोळले, मावशी." सासूला आमच्याकडे मावशीच म्हणतात.

"मग हे काय दिसतंय मला? बरं, असू दे. मशीन म्हातारं झालंय ग, माझ्यासारखं. दोन घरांचं ओझं त्याला झेपत नाही, तेवढं लक्षात ठेव."

त्या वाईट नाहीत. पण दर वेळी टब खाली आणताना मला वाटायचं, कपड्यांबरोबर मलाही कोणीतरी पिळून काढलंय.

खरी गोष्ट पुढेच होती. ईदनंतर शाळा उघडणार होती आणि मुलींच्या शाळेच्या नजातबाईंनी मला विज्ञानाचे वर्ग देऊ केले होते. मी रसायनशास्त्र शिकले आहे. पाच वर्षं ते शिक्षण मी डाग काढायला वापरते. नजातबाईंना ईदच्या आत उत्तर हवं होतं. मी घरात विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घरचं बघून कर बाई." आणि माझा नवरा मुअतसिम म्हणाला, "मशीन आलं तर बघू." म्हणजे नोकरी मशीनवर अडली. आणि भिशीतला माझा नंबर थेट थंडीत होता.

"दुकानातनं कशाला घ्यायचं?" मुअतसिम म्हणाला. तो टाइलच्या दुकानात हिशेब लिहितो आणि स्वस्तात मिळालेल्या वस्तूवर त्याचा माझ्याहून जास्त जीव आहे. त्याने लॅपटॉपवर एक लिलावाची साइट उघडली. आधी बोल्यांचं पाकीट विकत घ्यायचं. एकदा बटण दाबलं की तुमची एक बोली खर्च होते, वस्तूची किंमत एका किर्शने, म्हणजे एका पैशाने, वाढते आणि घड्याळ पुन्हा पंधरा सेकंदांवर जातं. घड्याळ शून्यावर येताना ज्याची बोली शेवटची, त्याची वस्तू, तीही स्क्रीनवरच्या चिल्लर किमतीत. बाकीच्यांच्या बोल्या पाण्यात.

"म्हणजे जो हरतो तोच पैसे भरतो," मी म्हटलं.

"हरायचंच नाही ना मग!"

पहिलं पाकीट त्याने एका संध्याकाळी उडवलं. सुरुवातीपासूनच दाबत सुटला, अंगात आल्यासारखा. त्यानंतर मी म्हटलं, आधी नुसतं बघू. मला बघता येतं. सिदराचा श्वास बघत मी अख्ख्या रात्री काढते, तर लिलाव काय मोठा. तशी मशीनं पूर्वी कुठल्या किमतीला सुटली ते मी पाहिलं. सुरुवातीला गर्दी असते, तेव्हा दाबणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं. घड्याळ दोनावर येईपर्यंत बोट उचलायचंच नाही. आणि दाबलेली प्रत्येक बोली मशीनच्या किमतीत धरायची. ती बेरीज दुकानातल्या किमतीच्या निम्म्यावर गेली की उठायचं. मुअतसिमला हे शेवटचं पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

बोली लावणारे ओळखीचे झाले. सक्र७७ नावाचा एक होता. तो अगदी शेवटी यायचा, पण रागावला की सलग दाबत सुटायचा. एक होती उम्म यमान, म्हणजे यमानची आई. मीही तिथे उम्म जूद याच नावाने होते. ती अधूनमधून मिनिट-दोन मिनिटं गायबच व्हायची. मी मनात म्हणायचे, पोराला शी झाली असेल.

वेळ मात्र मुअतसिमने शोधली. "मगरिब!" तो एकदम उठून बसला. "रोजा सोडायच्या वेळी कोण बटणं दाबत बसेल? अख्खा देश खजुरावर तुटून पडलेला असतो. सामान देशाबाहेर पाठवत नाहीत, म्हणजे सगळे इथलेच. अजान झाली की मैदान साफ!"

मला ते पटलं. उरल्या वेळी रमजानात माणसं दुसरं करतात काय? भुकेली, चिडलेली, स्क्रीनसमोर बसून सूर्य बुडायची वाट बघतात.

आणि सत्ताविसाव्या रोजाला सात किलोचं, समोरून उघडणारं मशीन लिलावाला लागलं, मगरिबच्या थोडं आधी. नजातबाईंचं "काय ठरलं?" सकाळीच येऊन गेलं होतं. सगळे वर सासूबाईंकडे जमले. मी "सिदराला पाजून येते" म्हणून खालीच थांबले. मुअतसिम जूदला खांद्यावर घेऊन जाता जाता पुटपुटला, "निम्म्याच्या पुढे गेलीस तर तू मला ओरडशील की मी तुला?"

अजान झाली. मी एक खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. सिदरा डाव्या हातावर, उजवा हात बटणावर. पंधरा-वीस नावं घड्याळावर उड्या मारत होती, ती एकेक करून गळाली. सक्र७७ सुद्धा गेला. मुअतसिमचं गणित बरोबर निघालं. शेवटी दोनच उरल्या. मी आणि उम्म यमान.

मी दाबायचे. घड्याळ खाली यायचं. ती दाबायची.

जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला. "रुबाऽऽ! सूप गार होतंय!"

"आले, मावशी!"

स्क्रीनच्या कडेला गप्पांचा रकाना होता. एरवी तिथे पुरुष एकमेकांचा उद्धार करत असायचे. आता तिथे उम्म यमानचं आलं, "ताई, अजान ऐकली नाही का? जेवा जाऊन."

मी एका हाताने लिहिलं, "तुम्हीच जा. सूप गार होईल."

"आमचं सूप करपलं. या मशीनपायी."

मला हसू आलं. तिने दाबलं, मी दाबलं.

"तुमचं बंद पडलं की मुळात नव्हतंच?" मी विचारलं.

"दिराने नेलं. त्याचं लग्न झालं ना. नवी नवरी हाताने कशी धुणार?"

"आणि तुम्ही?"

"मी काय, जुनी. यमान आणि दोन जुळ्या, अंगावरच्या."

जुळ्या. माझ्या डोळ्यांसमोर दोरीवरच्या लंगोटांची रांग आली, दुप्पट लांब. सिदराने माझी बोटं पकडली होती. ती सोडवायला नको वाटलं. बेरीज अजून निम्म्याच्या आत होती. बोल्या शिल्लक होत्या. तिने दाबलं, आणि मी दाबलं नाही. लिहिलं, "घ्या तुम्हीच. मनापासून सांगते."

हे मी ठरवून केलं नाही. आपल्याकडे दारातून आत जाताना, ताटातला शेवटचा तुकडा उचलताना, टॅक्सीत बसताना आपण म्हणतोच, तुम्ही घ्या, आधी तुम्ही. ते तोंडातून जातं, हात नंतर विचार करतो. समोरचीने एकदा नाही म्हणायचं, आपण पुन्हा आग्रह करायचा, तिसऱ्यांदा तिने घ्यायचं. लहानपणापासून हीच रीत. पण त्या रीतीला पंधरा सेकंद पुरत नाहीत.

"नाही हो, अल्लाशप्पथ, तुम्ही घ्या," तिचं आलं. "तुमचंही तान्हं आहे, मला माहीत आहे. तुम्ही मध्येच गायब होता."

"मी गायब होते? तुम्ही होता!"

"तुम्हीच घ्या ताई. दाबा."

"दाबणार नाही. तुमचं झालं ते. मुबारक."

घड्याळ चारावर आलं. तीन. दोन. तेव्हाच सक्र७७ उगवला. पहिली वाटी संपवून, मिशी पुसून आला असणार. त्याची बोली. पुन्हा पंधरा सेकंद.

मी बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. दिलेलं परत कसं घ्यायचं? आता मी दाबलं तर ती म्हणेल, बघा, तोंडाने मुबारक आणि हाताने ओढून घेतलं. मशीन तिचं होतं. तीच दाबेल. तिने दाबायलाच हवं होतं. ती दाबत नव्हती. मी घाईघाईने लिहिलं, "दाबा ना!" आणि त्याच क्षणी माझ्या ओळीखाली तिची ओळ उमटली, "अहो ताई, दाबा ना!"

घड्याळ शून्यावर गेलं. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. सक्र७७ यांचे अभिनंदन.

मग तिने लिहिलं, "बोल्या उरल्या आहेत का तुमच्या?"

"आहेत."

"माझ्याही." थोड्या वेळाने पुन्हा, "करपलेलं भांडं पण हातानेच घासायचंय." आणि पान बंद झालं.

वर गेले तेव्हा सगळे कतायफपर्यंत, म्हणजे गोडापर्यंत, पोचले होते. मुअतसिमने भुवया उंचावल्या. मी मान हलवली आणि काय घडलं ते सांगितलं. थकलेलं असलं की खोटं रचायचंही जिवावर येतं.

त्याने चमचा खाली ठेवला. "थांब. बोल्या होत्या?"

"होत्या."

"आणि हातात बटण होतं."

"तिला दिलं होतं मी."

"लिलावात देतं का कोणी, रुबा? लिलाव म्हणजे काय लग्नातला मानपान आहे? आणि ती बाई होती कशावरून? तो सक्रच असेल, दोन नावांनी बसलेला!"

हे मलाही जिन्यात सुचून गेलं होतं. पण करपलेलं सूप कुणाला सुचत नाही, त्यासाठी ते करपावं लागतं.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या. "तोंडातून गेल्यावर परत कशी घेणार? मी पण घेतलं नसतं." माझ्याकडे वाटी सरकवली. "जेव. सकाळपासून उभी आहेस." मी घास घेतला, तशा त्या त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "चला, एक बरं झालं. नोकरीचा प्रश्न मिटला. नजातबाईंना आजच कळव. त्या बिचारीलाही दुसरी शोधायला वेळ मिळेल. पुढच्या वर्षी बघू."

मुअतसिम कतायफ मोडत बसला.

माझ्या तोंडात "बरं, मावशी" तयारच होतं. अगदी ओठांवर. तासाभरापूर्वी बटणावर आलं होतं तसंच आलं होतं, आपण होऊन, मला न विचारता. मी घास गिळला आणि तेही गिळलं.

"मी त्यांना हो कळवणार आहे," मी म्हटलं.

"आणि कपडे?"

"कपडे मुअतसिम धुवेल."

मुअतसिम हसला. कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "मी?"

"स्वस्तात मशीन हवं होतं ना तुला."

"माझा मुलगा गच्चीवर लंगोट पिळणार?" सासूबाईंचा हात छातीवर गेला. "समोरच्या खिडकीत ती म्हातारी हाज्जा बसलेली असते! गावभर करेल."

"मग न्हाणीघरात धुवेल, मावशी. दार लावून."

"तुझं मशीन..." मुअतसिमने आईकडे आशेने पाहिलं.

"माझं मशीन म्हातारं झालंय," त्या ताडकन म्हणाल्या. ते वाक्य इतके दिवस माझ्यासाठी होतं. ते त्याच्यावर पडल्याचं त्यांना स्वतःलाच जरा नवल वाटलेलं दिसलं. मग त्या उठल्या आणि उगाचच भांड्यांचा आवाज करत राहिल्या.

मी नजातबाईंना एका शब्दाचा निरोप पाठवला. आनंद वगैरे झाला नाही. सिदराला दिवसा कोण पाजणार, बाटली घेईल का, जूदला त्या कठड्याजवळ कोण धरणार, सगळं रांगेने येऊन उभं राहिलं. निरोप परत घेता येत नाही हे मात्र बरं होतं.

उरलेल्या बोल्या मुअतसिमने दुसऱ्याच दिवशी एका इस्त्रीवर उधळल्या. इस्त्रीही सक्रनेच नेली.

ईदच्या आदल्या दिवशी तो न्हाणीघरात बाह्या सरसावून बसला. दार लावून. आधी शिट्टी ऐकू आली, मग शिट्टी थांबली, मग नुसतं पाणी. मी आत पलंगावर आडवी, सिदरा कुशीत, डोळे मिटलेले.

"रुबा! पावडर किती घालायची?"

"अर्धी वाटी."

बादली सरकल्याचा आवाज आला. "अर्धी म्हणजे... आधी भिजवलेल्यात पण?"

मी सिदराचं पांघरूण सारखं केलं.

"रुबा, फेस जातच नाहीये! टाकी संपेल अशाने!"

टाकी खरंच संपली असती. उठून गेले असते तर चार बादल्यांत काम झालं असतं. माझे पाय पलंगाच्या कडेपर्यंत गेलेही होते.

"जाईल हळूहळू," मी म्हटलं, आणि पाय पुन्हा वर घेतले.